खोलीत कोण काय बोललं: अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या गुप्त टेप, सोप्या भाषेत

दरवर्षी १६ डिसेंबर जवळ आला की व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर हमखास फिरतो. १९७१च्या युद्धाआधी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी इंदिरा गांधींना म्हातारी चेटकीण म्हटलं होतं, हेन्री किसिंजर यांनी भारतीयांना शिवी घातली होती, वगैरे. मजकूर खरा आहे. खाली कुणीतरी विचारतंच, ‘बंद खोलीतलं बोलणं बाहेर आलं कसं? कुणी चोरून ऐकलं?’

चोरून कुणीच ऐकलं नव्हतं. खुद्द निक्सन यांनीच आपल्या ऑफिसात मायक्रोफोन बसवून घेतले होते आणि जवळजवळ अडीच वर्षं त्यांच्या स्वतःच्या बोलण्याची टेप होत राहिली. हे वाचून बहुतेकांचा पुढचा प्रश्न एकच असतो: माणूस शहाणा होता ना?

आधी एक घोळ मिटवू

आपल्याकडे ‘टेप’ म्हटलं की डोळ्यांपुढे फोन टॅपिंग येतं. १९८८मध्ये शेजारच्या कर्नाटकात रामकृष्ण हेगडे यांना त्याच प्रकरणात मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. टॅपिंग म्हणजे दुसऱ्याचं बोलणं तिसऱ्याने ऐकणं. इथे प्रकार वेगळा आहे. बोलणाऱ्या दोघांपैकीच एक जण टेप करतोय आणि दुसऱ्याला त्याचा पत्ता नाही. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात दोघांपैकी एकाची संमती पुरते, त्यामुळे राष्ट्राध्यक्षांनी असं करणं गुन्हा नव्हता. सभ्यपणाचं होतं का, हा प्रश्न वेगळा. समोरचा सिनेटर, सेनापती किंवा परक्या देशाचा पाहुणा आपण खाजगीत बोलतोय असं समजून बोलत होता. हा विश्वासघातच होता, असं मला वाटतं. पण त्या विश्वासघाताची फळं इतिहासकार गेली तीस-चाळीस वर्षं चवीने खातायत, हेही खरं.

१९४० ते १९७३ या काळात फ्रँकलिन रूझवेल्ट, ट्रुमन, आयझेनहॉवर, केनेडी, जॉन्सन आणि निक्सन अशा सलग सहा राष्ट्राध्यक्षांनी कमीअधिक टेप केल्या. सगळ्या मिळून सुमारे ५,००० तास. त्यातल्या पहिल्या तिघांच्या काही तासांच्याच आहेत.

पण हा उद्योग करायचा कशाला?

सोसायटीच्या मिटिंगमध्ये कधी भांडला असाल तर कारण लगेच कळेल. आपण एक बोलतो, खजिनदार बाहेर जाऊन भलतंच सांगतो. रूझवेल्ट यांचं असंच झालं. १९३९च्या सुरुवातीला काही सिनेटर त्यांना भेटून गेले आणि पेपरात छापून आलं की राष्ट्राध्यक्षांच्या मते अमेरिकेची सरहद्द ऱ्हाइन नदीवर आहे. हिटलरशी युद्ध नको म्हणणाऱ्यांच्या देशात हे म्हणजे आगीत तेल. रूझवेल्ट म्हणाले, मी असं बोललोच नाही. पण पुरावा काय? पुढच्या वर्षी ऑफिसच्या खालच्या मजल्यावर एक यंत्र आलं आणि टेबलावरच्या दिव्यात मायक्रोफोन लपवला गेला. आठेक तासांचं रेकॉर्डिंग झालं. यंत्र चालू आहे याचा विसर पडून विरोधी उमेदवाराच्या भानगडीची कुजबुज कशी पसरवावी हेही ते त्यात बोलून गेले.

केनेडी यांनी १९६२च्या उन्हाळ्यात यंत्रणा बसवून घेतली. आदल्या वर्षी क्युबावरची बे ऑफ पिग्जची मोहीम सपशेल फसली होती. आधी माना डोलावणारे सल्लागार नंतर ‘आम्ही तर नकोच म्हणत होतो’ असं सांगत सुटले, म्हणून केनेडी सावध झाले, असा जवळच्यांचा कयास. बटण दाबलं की तळघरातली टेप फिरायला लागे. माहीत होतं ते त्यांच्या सेक्रेटरीला, सीक्रेट सर्व्हिसच्या मोजक्या माणसांना आणि भाऊ रॉबर्टला.

लिंडन जॉन्सन म्हणजे फोनवेडा माणूस. बोलता बोलता बोट हवेत गोल फिरवलं की सेक्रेटरीने समजायचं, टेप लाव. त्यांच्या सुमारे ८०० तासांच्या टेप आहेत. व्हिएतनाम आहे, नागरी हक्कांचं विधेयक आहे, आणि ऑगस्ट १९६४मध्ये एका कपड्यांच्या कंपनीच्या मालकाला फोन करून पँट कुठे आवळते आणि कुठे सैल हवी याचं सविस्तर वर्णनही आहे. ते इथे देत नाही.

निक्सन आले आणि त्यांनी जॉन्सन यांची यंत्रणा काढून टाकली. दोन वर्षांनी, १६ फेब्रुवारी १९७१ला, स्वतःची बसवली. फरक एवढाच की यंत्राच्या बाबतीत निक्सन अगदीच अडाणी. बटण दाबणं त्यांना जमणार नाही हे ओळखून सहकाऱ्यांनी आवाज झाला की आपोआप सुरू होणारी व्यवस्था केली. टेबलात पाच मायक्रोफोन, शेकोटीजवळच्या दिव्यांत दोन, शिवाय फोन आणि इतर खोल्या. परिणाम असा की केनेडी-जॉन्सन यांच्या टेप निवडून केलेल्या आहेत आणि निक्सन यांच्यावर सरसकट सगळं आहे. कपबशांची खळखळ आणि पाऊण पाऊण तास चाललेलं पाल्हाळसुद्धा. सुमारे ३,७०० तास.

बखर आणि चिटोरं

टेप नसेल तर इतिहास कशावरून लिहितात? एक म्हणजे इतिवृत्त. आपल्या सोसायटीचं आठवून पाहा: ‘विषयावर सविस्तर चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर.’ त्या ‘सविस्तर चर्चे’त कोण कुणाच्या अंगावर धावून गेलं, ते त्यात नसतं. दुसरं साधन म्हणजे आठवणी. निवृत्तीनंतर लिहिलेल्या, निकाल माहीत झाल्यावर लिहिलेल्या, आणि लिहिणारा ज्यात नेहमीच शहाणा निघतो अशा.

मराठी वाचकाला हा भेद नव्याने सांगायला नको. इतिहासाचार्य राजवाडे यांनी शंभरएक वर्षांपूर्वी हाच झगडा मांडला होता. बखर घटनेनंतर, कुणाच्या तरी सांगण्यावरून, कुणाची तरी बाजू सावरत लिहिलेली. पत्र त्या दिवशीचं, त्या गरजेपोटी लिहिलेलं. म्हणून अस्सल कागदाचं एखादं चिटोरं साऱ्या बखरींवर भारी पडतं, असं त्यांचं म्हणणं. राष्ट्राध्यक्षांच्या आठवणी म्हणजे बखरी, टेप म्हणजे चिटोरी. पुढचं बरंचसं यातच येतं. फक्त एक अडचण आहे. चिटोरं मोडीत असतं आणि ते वाचता यावं लागतं. तिकडे आपण येऊच.

तेरा दिवस, आणि खोलीत मागे राहिलेले सेनापती

ऑक्टोबर १९६२. सोव्हिएत रशियाने क्युबात अण्वस्त्रं डागू शकणारी क्षेपणास्त्रं आणून ठेवल्याचे फोटो केनेडींच्या हाती आले. १६ ते २८ ऑक्टोबर रोज बैठका झाल्या आणि त्यातल्या बऱ्याचशा टेपवर आल्या.

अनेक वर्षं जगाला माहीत होती ती बखर: कणखर केनेडींनी डोळ्यांला डोळा भिडवला आणि रशियाने माघार घेतली. शिवाय रॉबर्ट केनेडींच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आठवणींतून असं दिसायचं की युद्धखोरांच्या गर्दीत शांततेचा आवाज प्रामुख्याने त्यांचा होता. टेप लोकांसमोर आल्या आणि दोन्ही गोष्टी डळमळल्या. पहिल्याच दिवशी रॉबर्ट विचारत होते की हल्ल्याला निमित्त म्हणून एखादी ‘मेन’सारखी घटना घडवून आणता येईल का. ‘मेन’ हे १८९८मध्ये हवाना बंदरात बुडालेलं अमेरिकी जहाज. त्यावरूनच स्पेनशी युद्ध पेटलं होतं. शांततेचा आवाज इतका काही शांत नव्हता.

आणि कणखर राष्ट्राध्यक्ष? टेपवर ते सतत चाचपडत, प्रश्न विचारत, सौदा शोधत असतात. २७ ऑक्टोबरला तुर्कस्तानातली अमेरिकी क्षेपणास्त्रं काढून घेण्याच्या बदल्यात रशियाने क्युबातली काढावीत, अशी अट मॉस्कोहून आली. जवळजवळ सगळे सल्लागार विरोधात. केनेडी एकटेच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले की बाहेरच्या कुठल्याही माणसाला हा सौदा रास्तच वाटेल, आणि तो नाकारून आपण युद्ध केलं तर ते कुणाला पटणार?

मला सगळ्यात आवडतो तो १९ तारखेचा तुकडा. सैन्यदलांचे प्रमुख केनेडींना भेटायला आले. थेट हल्ल्याऐवजी क्युबाची समुद्रातून नाकेबंदी करावी, असा केनेडींचा कल होता. हवाईदलाचे कर्टिस लीमे तोंडावर म्हणाले की तुमची नाकेबंदी म्हणजे १९३८च्या म्युनिक करारातल्या, हिटलरपुढच्या शरणागतीइतकीच वाईट. केनेडींच्या वडिलांवर त्या काळात हिटलरधार्जिणेपणाचा आरोप झाला होता, तेव्हा हा वार वर्मी होता. बैठक संपली, केनेडी उठून गेले. टेप चालूच राहिली. मागे थांबलेल्या सेनापतींपैकी मरीन दलाचे प्रमुख लीमेंची पाठ थोपटतात, कसं कोंडीत धरलंत त्यांना म्हणून, आणि मग राष्ट्राध्यक्ष कसे तुकड्यातुकड्यांनी काम करू पाहतायत याबद्दल शिव्यांसकट चर्चा रंगते. जग अणुयुद्धाच्या तोंडाशी असताना सेनापती आपल्या नेत्याबद्दल पाठीमागे काय बोलत होते, हे कुठल्या इतिवृत्तात येणार?

माहीत होतं, तरी गेले

जॉन्सन यांच्याबद्दल एक ठोकळ समज होता: गर्विष्ठ माणूस, आपण जिंकणारच या घमेंडीत देशाला व्हिएतनाममध्ये घेऊन गेला. २७ मे १९६४ची टेप ऐकली की ते सोपं चित्र मोडतं. सुरक्षा सल्लागार मॅकजॉर्ज बंडी यांना ते सांगतायत की ही जागा लढण्याच्या लायकीची आहे असं मला वाटत नाही, आणि आपल्याला तिथून निघता येईल असंही वाटत नाही. तेव्हा तिथे साधारण १६,००० अमेरिकी सैनिक होते, तेही ‘सल्लागार’ म्हणून. चार वर्षांनी पाच लाखांहून जास्त. परतले नाहीत असे ५८,०००हून अधिक. घमेंडीतून गेलेल्या माणसाला एक वेळ समजून घेता येतं. निष्फळ आहे हे ओळखूनही, माघार घेतली तर देशात आपलं राजकारण बुडेल म्हणून पुढे जाणाऱ्याचं काय करायचं? या टेपने जॉन्सन यांची बाजू सावरली की त्यांना आणखी खोलात घातलं, यावर अमेरिकेत अजून वाद आहे. मी दुसऱ्या बाजूचा.

या टेप आपल्या मृत्यूनंतर पन्नास वर्षं उघडू नयेत अशी जॉन्सन यांची इच्छा होती. म्हणजे २०२३पर्यंत. पण केनेडी हत्येची कागदपत्रं खुली करण्याचा कायदा झाला आणि खोकी १९९०च्या दशकातच उघडली.

१९७१: शिवीच्या पुढचं वाक्य

आता त्या व्हॉट्सअ‍ॅपच्या मजकुराकडे. मार्च १९७१मध्ये पाकिस्तानी लष्कराने पूर्व बंगालात कत्तल सुरू केली. सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. अमेरिकेच्या ढाक्यातल्या वकिलातीचे प्रमुख आर्चर ब्लड यांनी एप्रिलमध्ये आपल्याच सरकारचा निषेध करणारी तार वॉशिंग्टनला पाठवली. तरी निक्सन पाकिस्तानचे लष्करशहा याह्याखान यांच्या मागे उभे राहिले. तेव्हा जगाला न दिसलेलं कारण चीन. चीनशी गुपचूप बोलणी पाकिस्तानमार्फत चालली होती आणि जुलैमध्ये किसिंजर पोट बिघडल्याचं नाटक करून पाकिस्तानातूनच बीजिंगला गेले.

४ नोव्हेंबरला इंदिरा गांधी वॉशिंग्टनमध्ये निक्सन यांना भेटल्या. वरकरणी आदरसत्कार. दुसऱ्या दिवशी सकाळी निक्सन आणि किसिंजर बोलत बसले होते. चेटकीण, बास्टर्ड्स वगैरे शब्द या बैठकीतले. २००५मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्याने आपल्या कागदपत्रांच्या मालिकेत हे प्रसिद्ध केलं तेव्हा इथे गदारोळ झाला आणि किसिंजर यांनी एका भारतीय वाहिनीवर खेद व्यक्त केला.

पण गदारोळात मधलं एक वाक्य झाकोळून गेलं. किसिंजर सांगतायत की आपल्याला हवं ते मिळालं. आता अमेरिकेने थंडपणे वागवलं म्हणून निराश होऊन युद्धाला उतरावं लागलं, असं बाईंना घरी जाऊन सांगता येणार नाही. म्हणजे आदल्या दिवशीचं आदरातिथ्य पुढच्या जबाबातला पुरावा म्हणून होतं. शिवीपेक्षा हे कळणं मोलाचं, कारण ती भेट आपण आजवर छायाचित्रांत पाहत आलो. चर्चेचा अधिकृत कागद वाचला तर दोन नेत्यांनी गंभीर विचारविनिमय केला एवढंच हाती लागेल.

डिसेंबरातल्या टेप आणखी गंभीर आहेत. पाकिस्तानला अमेरिकी शस्त्रं देण्यावर बंदी असताना जॉर्डन आणि इराणकडची अमेरिकी बनावटीची विमानं तिकडे वळवण्याचं बोलणं आहे. हे कायद्यात बसत नाही हे दोघांनाही माहीत आहे. चीनने भारताच्या सीमेवर सैन्य हलवावं म्हणून प्रयत्न आहेत. १२ डिसेंबरला निक्सन विचारतात की चीन सरसावला आणि त्यावर रशिया चालून आला तर आपण काय करायचं, अण्वस्त्रं टाकायला लागायचं? चार दिवसांनी ढाक्यात पाकिस्तानने शरणागती पत्करली आणि प्रश्न उरला नाही. चीनने तर काहीच हलवलं नव्हतं.

मग निक्सन यांचं धोरण भारतद्वेषातून आलं, असं म्हणायचं का? टेपवरून तेवढं सिद्ध होत नाही. चीनचा हिशोब शिव्या न देणाऱ्या माणसालाही दिसला असता. पण निर्वासितांचे आकडे, ढाक्याची तार, यातलं काहीच त्यांच्या कानांत का शिरत नव्हतं, याचा अंदाज आवाजाच्या पट्टीवरून येतो. जून १९७१च्या एका टेपमध्ये निक्सन भारतीय स्त्रियांच्या रूपाबद्दल जे बोलले, ते २०२०मध्ये प्रसिद्ध झालं. ते वाचून किळस येते.

‘पण टेप चालू आहे हे माहीत असताना माणूस नाटक नाही का करणार?’

हा आक्षेप रास्त आहे. केनेडी बटण स्वतः दाबत, तेव्हा आपण कसे ऐकू येऊ याचं भान त्यांना असणारच. जॉन्सनही कधी कधी टेपसाठीच बोलतायत असं वाटतं. पण समोरच्या माणसाला माहीत नसतं, आणि नाटक दोन्ही बाजूंनी लागतं. निक्सन यांच्या बाबतीत तर आपोआप चालणारं यंत्र ते विसरूनच जात. नाहीतर २३ जून १९७२ची टेप निघालीच नसती.

तिची गोष्ट थोडक्यात. १७ जून १९७२ला वॉटरगेट इमारतीतल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या कचेरीत घुसलेले लोक पकडले गेले. सहा दिवसांनी निक्सन आपले मुख्य सहायक हाल्डेमन यांच्याशी ठरवतात की सीआयएकडून एफबीआयला सांगवायचं, तपास थांबवा. वर्षभराने सिनेटची चौकशी सुरू झाली. तरी तोवर एका माणसाचा शब्द विरुद्ध राष्ट्राध्यक्षांचा शब्द, एवढंच होतं. १६ जुलै १९७३ला अलेक्झांडर बटरफील्ड या माजी सहायकाला टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर प्रश्न आला: ओव्हल ऑफिसात ऐकण्याची उपकरणं आहेत हे तुम्हाला माहीत होतं का? ते म्हणाले, होय. निक्सन तेव्हा न्यूमोनियाने इस्पितळात होते. टेप जाळून टाका असा सल्ला त्यांना मिळाला. त्यांनी मानला नाही. पुढे टेप मागणाऱ्या विशेष सरकारी वकिलाला काढण्यावरून अॅटर्नी जनरलने राजीनामा दिला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २४ जुलै १९७४ला आठ विरुद्ध शून्य मतांनी निकाल आला: टेप द्या. ५ ऑगस्टला २३ जूनची टेप बाहेर आली, ९ ऑगस्टला निक्सन पायउतार झाले.

‘टेपवर आहे म्हणजे खरंच ना?’

नाही. इथे मोडी वाचण्याचा मुद्दा येतो. जुन्या टेप खरखरीत आहेत, माणसं एकमेकांच्या बोलण्यात बोलतात, कुणीतरी कप आपटतं. ऐकून कागदावर उतरवलेल्या मजकुराला उतारा म्हणू. वाचकाच्या हाती बहुतेक वेळा टेप नसते, उतारा असतो, आणि उतारा हे कुणाच्या तरी कानांचं काम असतं. जॉन्सन यांच्या एका उताऱ्यात ‘पॅक ऑफ बास्टर्ड्स’, म्हणजे हरामखोरांची टोळी, वाट पाहतेय असं उतरवलं गेलं होतं. नीट ऐकल्यावर कळलं की वाट पाहत होते ते ‘पाकिस्तान अँबॅसेडर’. इंग्रजीत भरभर म्हणून पाहा, उतरवणाऱ्याची दया येईल.

मुद्दाम केलेली काटछाट वेगळी. एप्रिल १९७४मध्ये निक्सन यांनी स्वतःच १,२००हून अधिक पानांचे उतारे प्रसिद्ध केले. शिव्यांच्या जागी ‘एक्सप्लेटिव्ह डिलीटेड’, म्हणजे ‘अपशब्द वगळला’. संसदीय समितीने त्याच टेप ऐकल्या तेव्हा दिसलं की शिव्यांसोबत झाकाझाकीबद्दलची अख्खी वाक्यंही गळली होती.

शिवाय बोलणं म्हणजे निर्णय नव्हे. ९ मे १९६३ची केनेडींची एक टेप आहे. चीनने भारतावर पुन्हा हल्ला केला तर काय, यावर चर्चा. हिमालयाच्या हाकेला धावलेले यशवंतराव चव्हाण तेव्हा दिल्लीत संरक्षणमंत्री होते. टेपवर अमेरिकेचे संरक्षणमंत्री मॅकनमारा सांगतात की तशी वेळ आली तर मोठं सैन्य उतरवण्याऐवजी अण्वस्त्रं वापरावी लागतील, आणि केनेडी भारताचा बचाव करायच्या बाजूने बोलतात. २००५मध्ये हे बाहेर आलं तेव्हा ‘अमेरिका भारतासाठी अणुबॉम्ब टाकणार होती’ असा अर्थ काढणं सोपं होतं. पण असा कुठला करार झाला नाही. एका दुपारी काही माणसं शक्यता चाचपत होती, एवढंच टेप सांगते.

आणि टेपवर नाही ते? क्युबा प्रकरणात तुर्कस्तानच्या सौद्याचा निरोप रशियाच्या राजदूताला गुपचूप द्यायचा, हे २७ ऑक्टोबरच्या संध्याकाळी मोजक्या लोकांच्या बैठकीत ठरलं. त्या बैठकीची टेप नाही.

‘आठवणींवर एवढा अविश्वास का? माणसं सगळीच खोटं बोलतात का?’

बोलत नाहीत, आणि हेच टेपमुळे कळलं. निक्सन यांचे वकील जॉन डीन यांनी सिनेटसमोर इतक्या बारकाव्यांनिशी साक्ष दिली की पत्रकार त्यांना ‘मानवी टेप रेकॉर्डर’ म्हणू लागले. पुढे खऱ्या टेप मिळाल्या. मानसशास्त्रज्ञ उलरिक नाइसर यांनी १९८१मध्ये दोन्ही शेजारी ठेवून तपासलं. १५ सप्टेंबर १९७२च्या भेटीत निक्सन यांनी मला बसायला सांगितलं, माझी तारीफ केली, अमुक वाक्य बोलले, असं डीन यांनी सांगितलं होतं. टेपवर त्यातलं जवळजवळ काहीच तसं नव्हतं. तरी डीन खोटारडे नव्हते. राष्ट्राध्यक्षांना झाकाझाकी ठाऊक होती, हा गाभा खरा होता. वाक्यं मात्र त्यांच्या मनाने नंतर रचली होती, आणि ज्या जागी आपल्याला मान मिळायला हवा होता असं वाटलं, त्या जागी तो मिळाल्याचं त्यांना आठवत होतं. बखरकारही बहुधा असेच प्रामाणिक असावेत.

आता असं कुणी करतं का?

उघडपणे नाही. निक्सन यांची गत पाहिल्यावर कोण करील? १९७८च्या कायद्याने राष्ट्राध्यक्षांच्या नोंदी सरकारी मालकीच्या झाल्या. त्याआधी त्या खाजगी मालमत्ता समजल्या जात. आता परदेशी नेत्यांशी फोन झाला की ऐकणारे अधिकारी टिपण करतात. २०१९मध्ये ट्रम्प आणि झेलेन्स्की यांच्या ज्या फोनवरून महाभियोग झाला, त्याचा प्रसिद्ध झालेला कागदही असं टिपणच होता. हा शब्दशः उतारा नाही असं त्यावरच छापलं होतं. म्हणजे गाडी परत इतिवृत्तावर आली.

त्यात आता नकली आवाजांची भर. एमआयटीतल्या एका गटाने निक्सन यांचाच चेहरा आणि आवाज बनवून, चंद्रावर गेलेले अंतराळवीर परत येऊ शकले नाहीत असं भाषण त्यांच्या तोंडी घातलं होतं. असं काही होऊ शकतं हे दाखवण्यासाठीच. म्हणून उद्या कुणी ‘निक्सनची नवी टेप’ म्हणून क्लिप पाठवली, तर आवाज ओळखीचा वाटतो का हे पाहून उपयोग नाही. ती अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात कोणत्या क्रमांकाखाली आहे, ते विचारा. खऱ्या टेप सगळ्या क्रमांकवार आहेत, बहुतेक ऐकायला खुल्या आहेत.

साडेअठरा मिनिटं

त्यातली ३४२ क्रमांकाची टेप २० जून १९७२ची. वॉटरगेटच्या धरपकडीनंतर तीन दिवसांनी निक्सन आणि हाल्डेमन बोलतायत, आणि मध्येच साडेअठरा मिनिटं नुसती घूं घूं. निक्सन यांच्या सेक्रेटरी रोझ मेरी वुड्स यांनी सांगितलं की टेप ऐकून उतारा काढताना फोन घ्यायला हात लांब केला, पाय यंत्राच्या पेडलवर राहिला, त्यात पाचेक मिनिटं चुकून पुसली गेली असतील. त्यांनी तशी मुद्रा करून दाखवलेला फोटो तेव्हा जगभर थट्टेचा विषय झाला. तज्ज्ञांनी तपासून सांगितलं, टेप निदान पाच आणि कदाचित नऊ वेळा वेगवेगळी पुसली आहे. कुणी, ते सिद्ध झालं नाही. २००३मध्ये अभिलेखागाराने पुसलेला आवाज परत मिळवण्याचे प्रयत्न थांबवले.

त्या साडेअठरा मिनिटांबद्दल थोडंफार कळतं ते हाल्डेमन यांनी बोलता बोलता खरडलेल्या टिपणावरून. प्रतिहल्ला कसा करायचा, प्रसिद्धीची आघाडी कशी उघडायची, असं दोनचार ओळींत आहे. आणि एक सूचना आहे, राष्ट्राध्यक्षांची: या ऑफिसात कुणी चोरून ऐकण्याचं यंत्र बसवलेलं नाही ना, ते सतत तपासत राहा.